आजार जपानी, म्हणून इलाजही जपानी?

माझ्या धाकट्या भावाची पोरगी सात वर्षांची होती. रडली की तिचा डावा हात गळून पडायचा आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा नीट व्हायचा. एकदा तर गरम वरणावर फुंकर मारता मारता हातातला घासच खाली पडला. आईनं दृष्ट काढली. कुणी फिट म्हणालं, कुणी लाडानं करते म्हणालं. लातूरला एमआरआय झाला, तिथून संभाजीनगरला पाठवलं. मांडीतून नळी घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढला, आणि डॉक्टरांनी कागदावर शब्द लिहिला : मोयामोया.

मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या टोकाशी हळूहळू बारीक होत जातात. मग शरीर आजूबाजूला केसासारख्या वाहिन्यांचं जाळं विणतं. ते फोटोत धुराच्या लोटासारखं दिसतं, म्हणून १९६९ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे नाव रूढ केलं. लेकरू रडलं किंवा जोरजोरात फुंकलं की श्वास भराभर होतो, वाहिन्या आणखी आवळतात आणि तेवढ्या वेळापुरतं रक्त कमी पडतं. डॉक्टरांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. आवळलेली धमनी गोळीनं उघडत नाही, ऑपरेशन करावं लागेल, मुंबईला किंवा बेंगळूरला जा, वेळ घालवू नका, असंही बजावलं. हे ऑक्टोबर २०२३ मधलं.

आम्ही मात्र त्या नावातच अडकलो. भावानं रात्री मोबाइलवर 'मोयामोया' टाकलं की सगळीकडं जपान. दुसऱ्याच दिवशी फेसबुकवर जाहिरात आली : मेंदूच्या नसांवर परदेशात उपचार, फाईल पाठवा. पुण्यात ऑफिस, भिंतीवर जपानचा नकाशा, समोर कोटातला माणूस. आम्ही औशाकडचे म्हटल्यावर उठून हात जोडला. "अहो, मी पण औशाकडचाच. माझ्या मामाचं गाव." आईच्या पाया पडला. एवढ्यावर आमचं निम्मं काम झालं, म्हणजे त्याचं.

त्याचं म्हणणं साधं होतं. आजार जपानचा, तर इलाज जपानलाच. इथं कवटी उघडतात, तिथं सुईनं करतात. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, माझ्या डोक्यात एक प्रश्न यायला हवा होता : मग संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बेंगळूर का सांगितलं? आला नाही. खरं सांगायचं तर आला, पण विचारायची लाज वाटली. पोरीच्या जिवापुढं पैशाचा विचार करतोय असं भावाला वाटेल म्हणून.

आधी जपानी प्रोफेसरच्या मतासाठी ४५ हजार घेतले, ते सोयाबीनच्या पट्टीतून दिले. मग दवाखान्याची अनामत ६ लाख. त्यासाठी भावानं अडीच एकर मुदतखरेदीनं (मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, नाहीतर गेली) लिहून दिली, कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी. शेवटी व्हिसा आणि हमीपत्राचे १ लाख २० हजार, वहिनीच्या पाटल्या मोडून. त्या वेळी भारतीयांना जपानी व्हिसाची सरकारी फी हजाराच्याही आत होती हे मला नंतर कळलं. उपचारासाठीचा वेगळा व्हिसा जपाननं जानेवारी २०११ पासून सुरू केलाय. त्यासाठी तिकडच्या सरकारकडं नोंदलेल्या संस्थेची हमी लागते, आणि त्या संस्थांची यादी कुणालाही बघता येते. आम्ही बघितली नाही.

दर पंधरवड्याला नवीन कारण. प्रोफेसर रजेवर, तारीख पुढं, एक कागद कमी. होळीच्या सुमाराला पोरीला दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, आणि यावेळी गळालेला हात पाच मिनिटांत परत आला नाही. या आजारात शरीर कोरडं पडू देऊ नये, ही साधी गोष्ट त्या कोटवाल्यानं पाच महिन्यांत एकदाही सांगितली नाही. त्याला माहीतच नसणार.

त्याचं पितळ उघडं पडलं ते गावातल्या एका पोरामुळं. पुण्यात नोकरी करतो, कंपनीनं जपानी शिकवलेली. दवाखान्याचं शिक्क्याचं पत्र त्याला दाखवलं. वरची इंग्रजी ठीक होती. खाली दोन ओळी जपानी होत्या, त्या वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, यात लिहिलंय की पार्किंग पहिली तीस मिनिटं फुकट आहे." कुठल्या तरी वेबसाईटवरून उचललेल्या ओळी. त्यानं त्या दवाखान्याला मेल टाकला. या नावाचा पेशंट आमच्याकडं नाही, असं तीन दिवसांत उत्तर आलं. हा मेल आम्हीही पहिल्या दिवशी टाकू शकलो असतो.

बँकेत गेलो तर मॅनेजरनं पावत्या उलटसुलट बघितल्या. दवाखान्यासाठी परदेशात पैसे पाठवायचे तर पॅन, ए-टू फॉर्म लागतो, आणि रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यावर जाते. "मास्तर, तुमचे पैसे हडपसरच्या पुढं गेलेच नाहीत." खातं एका माणसाच्या नावावर होतं. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन केला, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, आम्ही पाच महिन्यांनी लावला. गुन्हा नोंद आहे. तारखा पडतात.

पोरीला शेवटी लातूरहून यशवंतपूरच्या गाडीत बसवलं. रात्रभराचा प्रवास. बेंगळूरच्या निम्हान्स या मेंदूच्या सरकारी दवाखान्यात कानासमोरची कातडीखालची धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडली. जपानातही हेच करतात, तेही कवटी उघडूनच. हे जोडकाम झुरिकमध्ये १९६७ सालीच झालेलं, आणि बेंगळूरला, तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत ते वर्षानुवर्षं चालू आहे. नंतर झटके आले नाहीत. होळीला गेलेला हात मात्र पुरता परतला नाही. डाव्या हाताची बोटं अजून शर्टाचं बटण लावत नाहीत. अडीच एकराची मुदत पुढच्या वर्षी संपते.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव बदललंय, जपानच्या जागी जर्मनी, आणि आजार म्हणून मेंदूतल्या नसेचा फुगा. मी दुसऱ्या नंबरवरून फोन लावला, म्हणालो, परभणीहून बोलतोय, वडिलांना फुगा निघालाय. आवाज तोच होता.

"परभणी? अहो काका, मी पण परभणीकडचाच. माझ्या मामाचं गाव."