कमर्शियल डायरेक्टर: कंत्राटदाराकडे की मालकाकडे?

बांधकाम क्षेत्रात करार आणि पैशाचा व्यवहार सांभाळणाऱ्या कमर्शियल डायरेक्टरच्या पदासाठी कंत्राटदार आणि मालक (म्हणजे काम करून घेणारा) अशा दोन्हीकडून ऑफर आली की बहुतेक जण पगार आणि प्रकल्पाचा आकार पाहतात. मी आधी हे पाहीन की तुमचा शब्द कुठल्या टप्प्यावर चालणार आहे.

कंत्राटदाराकडे तो टेंडर भरतानाच चालायला हवा. नफा जेमतेम दोन-तीन टक्के सुटत असेल, तर एक वाईट करार अनेक चांगल्या करारांची कमाई गिळतो. ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीने जुलै २०१७ मध्ये करारांवरच्या नुकसानीपोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. जानेवारी २०१८ मध्ये कंपनी बुडाली. अशी घसरण साइटवर दिसण्याआधी हिशेबात मुरलेली असते. मंजूर न झालेली व्हेरिएशन्स (कामातल्या बदलांची रक्कम) आणि क्लेम (जादा पैशाच्या मागण्या) उत्पन्न म्हणून धरले जातात, आणि पुढच्या महिन्यात त्यात भर पडते. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमाप्रमाणे अशी अनिश्चित रक्कम पुढे मोठ्या प्रमाणात उलटवावी लागणार नाही, याची दाट शक्यता असेल तरच धरता येते. ती दाट आहे की नाही, हे महिनाअखेरच्या आढाव्यात, आकडा वाढवून हवा असलेल्या एमडीसमोर तुम्हालाच सांगावं लागतं. या खुर्चीचं खरं काम हेच. वाटाघाटी बऱ्याच जणांना जमतात, हे फार थोड्यांना.

मालकाकडे निम्मं काम टेंडर निघण्याआधीच उरकतं. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तयार करार-नमुन्यांपैकी जोखीम दोघांत वाटणारं रेड बुक घ्यायचं की बहुतेक जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात मारणारं सिल्व्हर बुक? एनईसी हा ब्रिटिश करार-नमुना असेल तर ठरलेल्या किमतीचा ऑप्शन ए, की बचत आणि तोटा दोघांनी वाटून घ्यायचा ऑप्शन सी? हीथ्रोच्या टर्मिनल ५ साठी विमानतळाची मालक कंपनी बीएएने बरीचशी जोखीम स्वतःकडे ठेवून पुरवठादारांना खर्चानुसार पैसे दिले, आणि बांधकाम वेळेत झालं. (२००८ मध्ये उद्घाटनाला सामानाचा जो गोंधळ उडाला, तो विषय वेगळा.) असा निर्णय घेण्याची ताकद कंत्राटदाराकडच्या कुणालाच नसते. मात्र इथे प्रत्येक सही समितीतून फिरून येते, आणि फायनल अकाउंट (कामाचा शेवटचा हिशेब) रखडला की ऑडिटवाले तुम्हालाच विचारतात.

मालकाकडची नोकरी निवांत, ही समजूतही आता जुनी झाली. फिडिकच्या १९९९ च्या आवृत्तीत २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर हक्क बुडण्याची अट कंत्राटदारालाच होती. २०१७ च्या आवृत्तीत ती मालकाच्या क्लेमलाही लागू झाली.

ज्याने कंत्राटदाराच्या बाजूने कॅश फ्लो, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) आणि सबकॉन्ट्रॅक्टरची बिलं कधीच सांभाळलेली नाहीत, त्याने आधी तिकडेच जावं असं मला वाटतं. तो अनुभव नसलेला माणूस मालकाकडे बसून कागदावर कडक आणि प्रत्यक्षात महाग पडणारे करार लिहितो.

मुलाखतीत कंत्राटदाराला विचारा, कमर्शियलच्या सांगण्यावरून अलीकडे कुठली टेंडरं सोडली. एकही आठवत नसेल तर तिथे नकाराधिकार नाही. मालकाला विचारा, जोखमीची वाटणी ठरून गेली आहे का. ठरली असेल, तर तुम्हाला फक्त वाद निस्तरायला बोलावलं आहे. पगार त्या हिशेबाने मागा.