नोटेवर देव हवा का? अमेरिका, ब्रिटन आणि भारताचं चलन शेजारीशेजारी ठेवून

ऑक्टोबर २०२२ मध्ये अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर गांधीजींच्या जोडीला लक्ष्मी-गणेश छापा अशी मागणी केली. काही दिवस वाद रंगला, मग विरला. हा प्रश्न जगात अनेकांनी अनेक तऱ्हांनी सोडवलेला आहे आणि ती उत्तरं आजही लोकांच्या खिशात खुळखुळतात. तुम्हाला या बाजूने की त्या बाजूने हे ठरवायचं असेल, तर तीन नमुने पुरेसे आहेत: देवाचं नाव उघड घेणारा अमेरिकेचा, राजाच्या उपाधीत देव लपवणारा ब्रिटनचा, आणि उपनिषदातलं वचन घेऊनही देवाचं नाव न घेणारा आपला.

अमेरिका: युद्धात आलेलं वाक्य

नोव्हेंबर १८६१. यादवी युद्धाला जेमतेम सात महिने झालेले. पेनसिल्व्हेनियातले पाद्री मार्क वॉटकिन्सन यांनी अर्थमंत्री सॅमन चेस यांना लिहिलं की आपल्या नाण्यांवर परमेश्वराची दखल कुठेच नाही. चेसनी आठवड्याभरात टांकसाळीचे संचालक जेम्स पोलॉक यांना मजकूर करायला सांगितला. पोलॉकनी पर्याय दिले, चेसनी त्यात दुरुस्ती केली आणि १८६४ मध्ये दोन सेंटच्या नाण्यावर ‘इन गॉड वी ट्रस्ट’ उमटलं. म्हणजे ‘आमचा भरवसा देवावर’. हे वाक्य देशाच्या स्थापनेपासून आहे असं अनेक अमेरिकन मानतात, तिथे राहणारी आपली मंडळीही. प्रत्यक्षात १७८२ च्या राजमुद्रेवर होतं ते ‘ई प्लुरिबस युनम’, अनेकांतून एक.

कागदी नोटांवर तर ते आणखी उशिरा आलं. देव न मानणाऱ्या सोव्हिएत रशियापेक्षा आपण वेगळे, हे ठसवायच्या शीतयुद्धाच्या हवेत १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली, आणि १९५६ मध्ये हे अधिकृत राष्ट्रीय बोधवाक्य झालं. नोटा १९५७ पासून बदलू लागल्या, पण एकदम नाही. छपाईखाना नव्या वेगवान यंत्रांवर जात होता, आणि जसजशा नव्या प्लेटा चढल्या तसतसं वाक्य येत गेलं. म्हणून एक डॉलरच्या ‘१९३५ जी’ मालिकेत वाक्य असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही नोटा सापडतात.

मधलं १९०७ चं प्रकरण मात्र सगळ्यात बोलकं आहे. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सकडून दहा आणि वीस डॉलरची नवी सोन्याची नाणी घडवून घेतली आणि हे वाक्य गाळलं. रूझवेल्ट नास्तिक नव्हते. इतकं गंभीर वाक्य नाण्यावर घालणं म्हणजे देवाची अवहेलनाच, पवित्र गोष्ट विटाळल्यासारखी, असं त्यांचं म्हणणं. लोक खवळले आणि १९०८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून वाक्य परत आणलं.

हाच युक्तिवाद अडीचशे वर्षं आधी एका अगदी वेगळ्या माणसाने केला होता. औरंगजेबाने गादीवर येताच, १६५९ मध्ये, नाण्यांवरचा कलमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, बंद केला. कारण हेच: नाणं कुणाच्याही हाती जातं, पायदळी पडतं. देवाचं नाव चलनावर नको म्हणणारे सगळे धर्माचे विरोधक असतात, हा समज इथे कोसळतो.

अमेरिकेत नास्तिकांनी कोर्टाची दारं वारंवार ठोठावली आणि दरवेळी हरले. पण कशावर हरले ते पाहा. १९७० मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की या वाक्याचा सरकारने एखादा धर्म प्रस्थापित करण्याशी काहीएक संबंध नाही, त्याचं स्वरूप देशभक्तीचं आणि औपचारिक आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गाडीच्या नंबरप्लेटवर सक्तीने घातलेल्या घोषवाक्याचा खटला होता. तिथे न्यायालयाने तळटीपेत फरक केला: नंबरप्लेट लोकांना दिसते आणि मालकाशी जोडली जाते, नोट पाकिटात असते आणि हातोहात जाते, त्यामुळे ती बाळगणारा त्या वाक्याची जाहिरात करत नाही. नास्तिकाची तक्रार गेली, हे खरं. पण भाविकाच्या हाती उरलं ते धर्माचा अर्थ काढून घेतलेलं वाक्य. या विजयाचा आनंद मानायचा कसा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एकदा छापलं की ते काढता येत नाही, हाही अमेरिकेचा धडा. २००७ मध्ये अध्यक्षांच्या चित्रांची एक डॉलरची नवी नाणी आली. जागा मोकळी हवी म्हणून वाक्य, साल आणि टांकसाळीची खूण नाण्याच्या कडेवर नेली. छाप मारून झाल्यावर नाणी कडेवर अक्षरं उमटवणाऱ्या वेगळ्या यंत्रातून जायची. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नाण्यांचा काही माल ते यंत्र चुकवून थेट पिशव्यांत गेला. कड कोरी, आणि नाव पडलं ‘गॉडलेस डॉलर’. दोष यंत्रशाळेतल्या हाताळणीचा होता, पण सरकारने देवाला हळूच काढलं अशी कुजबुज पसरली. त्याच वर्षअखेरीस कायदा झाला आणि २००९ पासून वाक्य नाण्याच्या दर्शनी बाजूवर आलं. २०११ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३९६ विरुद्ध ९ मतांनी ते पुन्हा दुजोरा देऊन ठेवलं.

ब्रिटन: दोन अक्षरं

ब्रिटिश नाण्यावर राजाच्या नावापुढे ‘डी जी’ आणि ‘एफ डी’ असतं: ‘देवाच्या कृपेने’ राजा आणि ‘धर्मरक्षक’. इथे प्रजेच्या तोंडी काही घातलेलं नाही, दावा राजाचा आहे. तरी १८४९ च्या फ्लोरिनवरून (दोन शिलिंगांच्या नाण्यावरून) ही अक्षरं गळली तेव्हा त्याला ‘देवहीन फ्लोरिन’ म्हणून झोडपलं आणि १८५१ पासून ती परत आली. कॅनडात १९११ मध्ये तेच घडलं, १९१२ मध्ये दुरुस्ती झाली. गंमत अशी की आपल्याकडच्या राणीछाप रुपयावर ही उपाधी नव्हतीच. त्यावरून इथे कुणी आरडाओरडा केला नाही.

भारत

‘सत्यमेव जयते’ मुंडकोपनिषदातलं आहे (३.१.६). राजमुद्रेचा तो भाग आहे, म्हणून नाण्यांवर येतो. नोटांवर सिंहांच्या खाली तो १९८० पासून दिसतो. हिंदू ग्रंथातलं वचन सर्वांवर लादलं असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच फोल नाही. पण हे वचन उच्चारायला कुणाला श्रद्धा बदलावी लागत नाही. ‘आमचा भरवसा’ असं कुणाच्याही वतीने ते बोलत नाही. माझ्या मते आपल्या नमुन्याचं बळ इथेच आहे.

स्मारक नाण्यांचा प्रकार निराळा. केरळच्या ख्रिस्ती संत अल्फोन्सा (२००९), बृहदीश्वर मंदिराची हजार वर्षं (२०१०) आणि वैष्णोदेवी देवस्थान मंडळाची पंचवीस वर्षं, यांवर नाणी निघाली. त्यांविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. एखाद्या प्रसंगाची आठवण आणि रोजच्या चलनाचं कायमचं चिन्ह यांत फरक करणं मला पटतं. इंडोनेशियाचा दाखला देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. तिथल्या १९९८ च्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर गणपती होता, पण शिक्षणमहर्षी की हजर देवांतोरो यांच्या शेजारी, विद्येचं प्रतीक म्हणून, आणि ती नोट २००८ अखेरीस चलनातून गेली.

देव नसतानाही देव दिसतो, हा आणखी एक धोका. २००६ च्या सुमारास दोन रुपयांच्या नाण्यावर ‘विविधतेत एकता’ दाखवणारी, चार रेघा एकमेकींना छेदणारी खूण होती. तो ख्रिस्ती क्रूस आहे असा वाद पेटला, आणि नंतर त्या जागी हाताची मुद्रा आली.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर शिवाजी महाराजांच्या शिवराई नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मंगलसूचक ‘श्री’ आहे, पण दैवतही नाही आणि प्रार्थनाही नाही. गोव्यात पोर्तुगिजांनी मात्र नाण्यांवर संत थॉमस आणि क्रूस ठेवले होते. आणि पुढे पेशवाईत पुण्याच्या अंकुशी रुपयावर मुघल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर होता, कारण बाजारात तोच चालायचा. सराफाला चांदी आणि वजन कळत होतं.

मग ठरवायचं कसं?

चित्र आणि वाक्य वेगळे तोला. लक्ष्मीचं चित्र असलेली नोट मळली की रिझर्व्ह बँकेच्या यंत्रात तिचे तुकडे होतील आणि दाबून विटा बनतील. रोज हेच चालतं. वरातीत उधळलेली नोट बुटाखाली जाईल, बारमध्येही उडेल. आज गांधीजींच्या चित्राचं हेच होतं आणि आपण ते सोसतो, पण मूर्तीच्या बाबतीत सोसणार नाही. पहिल्याच महिन्यात विटंबनेच्या तक्रारी पोलीस ठाण्यात येतील आणि त्यांत सापडेल तो भाजीवाला, छापणारा नव्हे. म्हणून चित्राला माझा साफ नकार. वाक्याचं म्हणाल तर देवाचं नाव घेणारं आणि नागरिकाच्या वतीने श्रद्धा जाहीर करणारं वाक्य नको. ‘सत्यमेव जयते’ सारखं चालेल.

प्रक्रियेचाही विचार करा. अमेरिकेत वाक्य कायद्यात आहे, काढायला काँग्रेस लागते. आपल्याकडे नोटेचं स्वरूप रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवर केंद्र सरकार मंजूर करतं, १९३४ च्या कायद्याच्या कलम २५ नुसार. नाण्याचं स्वरूप तर २०११ च्या नाणे कायद्याखाली सरकार स्वतःच ठरवतं. म्हणजे संसदेत मतदान न होता देव नोटेवर येऊ शकतो. काढायचीही वाट कागदावर तितकीच सोपी आहे, पण त्या फायलीवर सही करायला कोणता अर्थमंत्री पुढे येईल, हे मागणी करणाऱ्यांना आधी विचारा.