नाशिकच्या गंगापूर रोडचा ज्युदो क्लास: दीड वर्षानंतर लिहितेय

माझं वय ४१, नोकरी सातपूर एमआयडीसीत. आठवड्यातून तीन संध्याकाळी साडेसातला लेकीला घेऊन मी या मॅटवर असते. क्लासचं नाव इथे टाकत नाही, सरांनीच नको म्हटलंय. हॉल लहान आहे आणि एका बॅचला सोळाच्या वर माणसं ते घेत नाहीत.

आधी शहरातच दुसरीकडे मी तीन वर्षं कराटे केलं, ब्राउन बेल्टपर्यंत. ओळीत उभं राहून हवेत पंच, हवेत किक. जोडीदार आलाच तर ठरलेला हात ठरलेल्या बाजूने पुढे करून थांबायचा. दिवाळीत माहेरी निफाडला गेले तेव्हा चुलतभावाने मनगट धरलं आणि म्हणाला, "सोडव बघू, ताई." शेकडो वेळा केलेली सुटका. त्याने हात जरासा वळवला आणि माझं सगळं अडलं. त्या रात्री झोप लागली नाही. दोष कराटेचा नाही. जिथे खरं कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, होतं तिथल्या मुली काय लढतात ते मी पाहिलंय. पण आमच्याकडे तीन वर्षांत मला कुणी अडवलंच नव्हतं.

आमचे आजोबा तालमीत वाढलेले. डाव बघून येत नाही, जोर करून येतो, असं ते म्हणायचे. जोर करणं म्हणजे लाल मातीत दोघांनी एकमेकांना खरोखर अडवत झुंजणं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मॅटवर ब्राँझ जिंकलं, ते मातीतूनच वर आले होते, हे आजोबा अभिमानाने सांगत. या क्लासमध्ये पाऊल टाकलं आणि मला तीच तालीम आठवली.

पहिले तीन आठवडे फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, हात मॅटवर सपकन. घाई असेल त्याने इथे येऊ नये. मग उचिकोमी, म्हणजे डावात शिरायचं पण फेकायचं नाही, तेच ते दहा-दहा वेळा. इथवर कुठल्याही क्लाससारखंच वाटेल. पुढचं मात्र मी इतरत्र पाहिलं नाही. जोडीदार आधी उभा राहतो, मग चालू लागतो, मग निम्म्या ताकदीने अडवतो. काही फेऱ्यांत एकाने फक्त हल्ला करायचा, दुसऱ्याने फक्त वाचवायचं. काही फेऱ्या मुद्दाम वाईट पकडीपासून सुरू होतात, कॉलर आधीच समोरच्याच्या मुठीत. आणि शेवटी रांदोरी, तीन मिनिटांची मोकळी झुंज, रोज. नवख्याला नवख्यासोबत सोडत नाहीत, जुना माणूस देतात. ‘सोड’ म्हणून दोनदा थाप मारली की तिथेच थांबायचं, हा नियम सर फार कडक पाळतात.

एवढ्या जोराने रोज झुंजूनही लोक दुसऱ्या दिवशी कामावर कसे जातात, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, ज्युदो बांधलाच तसा आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोत एका देवळात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. ठोसे, लाथा आणि पूर्ण जोराने केले तर जोडीदार जायबंदी होईल असे डाव त्यांनी रांदोरीबाहेर, कातापुरते, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या सरावापुरते, ठेवले. म्हणून उरलेले फेकीचे आणि दाबून धरायचे डाव हातचं न राखता करता येतात. मला हे फार पटलं.

माझा डाव ओसोतो गारी. बाहेरून पाय घालून मागे पाडायचं. उचिकोमीत महिन्याभरात छान बसला. रांदोरीत चार महिने एकदाही लागला नाही. पाय मारला की भिंतीवर आपटल्यासारखं व्हायचं, वर मीच मागे कलंडायचे. सर एवढंच म्हणायचे, "ताई, पाय नंतर. आधी तोल मोडा." एका गुरुवारी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मागे पाऊल घेतलं, तिची बाही माझ्या डाव्या हाताने खाली ओढली गेली आणि तिचा सगळा भार उजव्या टाचेवर आल्याचं मला हाताला कळलं. पाय आपोआप गेला. ती पडली, उठली, हसली आणि पुन्हा कॉलर धरली. पुढच्या फेरीत तिने मला तसं पाऊल दिलंच नाही, म्हणून मला दुसरा डाव शोधावा लागला. आता चुलतभाऊ मनगट धरतो तेव्हा त्याचा भार कुठल्या पायावर आहे इकडे माझं लक्ष असतं.

उणिवाही आहेत. वर पत्रे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जीव नकोसा होतो. बायकांना कपडे बदलायला एक पडदा लावलेला कोपरा आहे, तो पुरत नाही. मॅटचे दोन तुकडे सांध्यापाशी उचललेत, तिथे माझं बोट मुरगळलं. सांगितल्यावर सरांनी पट्टी लावली, पण तुकडे बदलायला हवेत. फी महिना १२००, ज्युदोचा ड्रेस वेगळा घ्यावा लागतो. ठोसा चुकवणं इथे शिकवत नाहीत, आणि चाकूवाल्यापुढे काय करायचं विचारलं तर सर सरळ सांगतात, "पळा."

लेकीला इथेच ठेवणार आहे. प्रवेश घेण्याआधी शनिवारी संध्याकाळी मॅटच्या कडेला बसून बघता येतं. रांदोरी शेवटच्या अर्ध्या तासात असते, तोवर थांबा.