14 महिने, 4 लाख 14 हजार: जुनी जर्मन एसयूव्ही सोलापुरात वापरताना

ऑगस्ट 2024 मध्ये मी ही गाडी घेतली. 2016 चं मॉडेल, 3 लिटरचं व्ही6 डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, सात सीटर, 82,000 किलोमीटर पळालेली, पुण्यातला एकच मालक. साडेएकोणीस लाखांत सौदा झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगतोय ती दुखणी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना होतात.

आमचा टॉवेलचा धंदा आहे. महिन्यातून दोनदा पुणे, एकदा हैदराबाद ठरलेलं. शिवाय आईचे गुडघे दुखतात, तिला उंच गाडीत चढता येत नाही. ही गाडी बटण दाबलं की खाली बसते. खरं सांगायचं तर त्या एका बटणासाठी मी ही गाडी पसंत केली, आणि सगळ्यात जास्त पैसे त्याच एअर सस्पेन्शनने खाल्ले. त्यात चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात.

डिसेंबरात एका सकाळी पोर्चमध्ये गाडी डाव्या बाजूला झुकलेली दिसली. चालू केली, अर्ध्या मिनिटात सरळ झाली. दुसऱ्या दिवशी तेच. टेप लावून चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, तर उजवीकडे 47 सेंटिमीटर आणि डावीकडे 43. अक्कलकोट रोडला आमचे जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी आधी स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही. मग स्प्रेच्या बाटलीत शाम्पूचं पाणी कालवलं, चाक काढलं आणि फुग्याच्या खालच्या घडीवर मारत राहिले. पाच मिनिटं काही नाही. गाडी थोडी उचलून घडी उलगडली, तेव्हा रबराच्या भेगेतून मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. फुगा वर-खाली होताना रबर दरवेळी त्याच जागी दुमडतं. त्या घडीत धूळ बसते, वरून आपल्याकडचा 43-44 अंशांचा उन्हाळा. सात-आठ वर्षांत रबर तडकणारच.

चाचा म्हणाले, "मालक, आत्ता फुगा बदलून घ्या. नाहीतर पंप जाईल."

मी थांबलो. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, घरी पाहुणे, धंद्याचीही गडबड. म्हटलं, यात्रा होऊन जाऊ दे. फेब्रुवारीत पुण्याला जाताना टेंभुर्णीच्या पुढे डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि गाडीचं नाक खाली गेलं. आई मागच्या सीटवर होती. प्रत्येक खड्ड्याला दणका सरळ तिच्या पाठीत बसत होता, आणि मला वीसच्या वर गाडी नेता येईना. झालं असं की गळती भरून काढायला कॉम्प्रेसर, म्हणजे फुग्यांत हवा भरणारा पंप, सारखा चालत राहिला. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. पिस्टनची रिंग घासली, त्याला चालू-बंद करणारा रिले चिकटला आणि कॉम्प्रेसर जळाला. आईला दुसऱ्या गाडीने पाठवलं, ही क्रेनवर चढवून पुण्याला. क्रेनचे 14,000, कॉम्प्रेसर आणि रिलेचे 74,000, बाहेरच्या कंपनीचा फुगा मजुरीसकट 58,000. डिसेंबरात ऐकलं असतं तर फक्त शेवटचा आकडा लागला असता. उरलेले 88,000 माझ्या चालढकलीचे. पण त्या पैशांपेक्षा आईला दोन तास रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं मोठं काम ऑइल गळतीचं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल दिसायचं. एका गॅरेजने क्रँकचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितलं. चाचांनी इंजिन धुतलं, ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकला, दोन दिवस चालवायला सांगून निळ्या दिव्याखाली पाहिलं. तेल वरून येत होतं. व्ही इंजिनच्या खोबणीत, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये, ऑइल कूलर असतो, त्याची सीलं सुकलेली. ते तेल मागे वाहून जोडावर ठिबकायचं. सीलं आणि गॅस्केटं मिळून 7,000, पण तिथवर पोहोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं, त्यामुळे मजुरी 55,000. या गाड्यांत सामानापेक्षा हात पोहोचायची किंमत जास्त, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

बाकीचं भराभर सांगतो. घेतल्या घेतल्या ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल 31,000. बॅटरी कोडिंगसह 34,000. नवी बॅटरी बसवली हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं, नाहीतर तो जुनीच समजून चार्ज करत राहतो. गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर 43,000. टायर 20 इंची, एक 24,500 ला, चार मिळून 98,000. घेताना टायरची नक्षी छान खोल होती, म्हणून मी खूश. कडेला 1218 छापलेलं होतं, म्हणजे 2018 चा बारावा आठवडा, ते पाहिलंच नाही. उन्हाळ्यात कडा तडकल्या.

हे सगळं धरून 4 लाख 14 हजार, 24,000 किलोमीटरसाठी. किलोमीटरमागे सव्वासतरा रुपये, डिझेल वेगळं. इन्शुरन्समधून यातलं काहीच मिळत नाही, झिजेचा खर्च त्यात बसत नाही. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमच्या नावावर येत नाही, तोही हप्त्यात धरून चला. पॉलिसी मात्र 14 दिवसांत नावावर करायला अर्ज टाका.

तरी गाडी विकायची नाही. मेच्या दुपारी हैदराबादहून येताना आत एसी गार, शंभरच्या वेगाला आई शांत झोपलेली असते. हायवेला साडेबाराचा ॲव्हरेज मिळतो, गावात सात रस्ता चौकाच्या गर्दीत साडेआठ. घ्यायची असेल तर संध्याकाळी बघायला जा, चारही कोपरे मोजा, मालकाला रात्रभर गाडी हलवू नका म्हणा आणि सकाळी चालू करायच्या आत पुन्हा मोजा. मालक तयार नसेल तर सौदा सोडा.

माझे मागचे दोन फुगे अजून कंपनीचे आहेत. दर रविवारी मोजतो. गेल्या आठवड्यात उजवीकडचा अर्धा सेंटिमीटर खाली भरला. सव्वा लाख बाजूला काढलेत, सोमवारी चाचांकडे नेतोय.