कंपार्टमेंट प्रेशर मॉनिटर: पावसाळ्यापासूनच्या वापरानंतर

इंदूरला आमच्या ऑर्थो विभागात हातात मावणारा हा मॉनिटर पावसाळ्याच्या सुरुवातीला आला. पायाच्या स्नायूंच्या बंद कप्प्यांतला (कंपार्टमेंट) दाब तो सुईने मोजतो; हाड मोडल्यावर सुजेने हा दाब वाढला तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. पीथमपूर, महू, धार या बाजूंचे अपघात रात्रीच येतात. त्यात नडगी मोडलेले तरुण जास्त, त्यामुळे यंत्र पडून राहिलं नाही.

शुद्धीतल्या रुग्णाला ते फारसं लागत नाही. पोटरी टणक झालीय, पायाची बोटं ताणली की ओरडतो, औषधांनी दुखणं हटत नाही, एवढ्यावर फॅशिओटॉमी, म्हणजे कप्प्याचं आवरण कापून दाब मोकळा करायची शस्त्रक्रिया, ठरवता येते. नाडी लागतेय म्हणून थांबू नये, ती बराच उशिरापर्यंत लागू शकते. खरी गरज पडते ती डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेल्यांत, किंवा ब्लॉक देऊन पाय बधिर केलेल्यांत. रामबागेतल्या एका आजींनी विचारलं होतं, "डॉक्टर, पोरगं बोलत नाही, मग त्याला दुखतंय हे कळणार कसं?" या यंत्राची जागा नेमकी तिथे आहे.

सुई ज्या कोनात घालायची त्याच कोनात धरून यंत्राचा आकडा शून्यावर आणायचा. सलाइन जेमतेम ०.३ मिली सोडायचं आणि आकडा स्थिरावू द्यायचा. फ्रॅक्चरपासून ५ सेंमीच्या आत, पण फ्रॅक्चरमध्ये सुई न जाऊ देता, गुडघ्याखालच्या पायाचे चारही कप्पे मोजायचे. खोल मागचा कप्पा सर्वांत अवघड, आणि घाईत तोच राहून जातो.

नुसत्या आकड्यावर मात्र माझा विश्वास नाही. कप्प्यात ३५ (मिमी पारा) आणि डायस्टोलिक, म्हणजे खालचा रक्तदाब, ८० असेल तर फरक ४५, लक्ष ठेवता येतं. डायस्टोलिक ५५ असेल तर फरक २०, म्हणजे ऑपरेशन थिएटर तयार करा. ३० च्या खालचा फरक धोक्याचा, हे एडिनबरोच्या मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राऊन यांनी १९९६ मध्ये मांडलं. भुलेखाली रक्तदाब उतरतो, म्हणून तिथे भूल देण्याआधीचा डायस्टोलिक धरायचा.

तक्रार एकच: दर रुग्णाला नवा सेट लागतो, महाग पडतो, आणि कधी संपलेला असतो. तेव्हा आयसीयूत धमनीतला रक्तदाब मोजायला लावतात त्या आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (दाब टिपणारा भाग) बाजूला छिद्र असलेल्या सुईला जोडून काम चांगलं होतं. छोट्या रुग्णालयांनी आधी तेच शिकावं, यंत्र नंतर घ्यावं.

एक रीडिंग पुरेसं नसतं. म्हणून तक्त्यावर दर आकड्याशेजारी तेव्हाचा डायस्टोलिक आणि वेळ लिहिणं आम्ही सक्तीचं केलंय. रात्रपाळीच्या रेसिडेंटला फरक आटत चाललाय का, हे त्यावरून लगेच दिसतं.