लिथियम की व्हॅल्प्रोएट? घरात चर्चा चालू असेल तर वाचा

माझा लहान भाऊ बायपोलरसाठी (मूड कधी एकदम चढतो, कधी एकदम पडतो तो आजार) सात वर्षांपासून लिथियमवर आहे अन् मावशीची पोरगी आधी व्हॅल्प्रोएटवर होती, म्हणून दोन्ही गोळ्या जवळून पाहिल्यात.

आमच्या मायचा पहिला प्रश्न, मोबाईलच्या बॅटरीतलं लिथियम पोराले काहून खाऊ घालता? मूलद्रव्य तेच, १८१७ मध्ये स्वीडनच्या खनिजात सापडलेलं, पण गोळीत धातू नसतो, लिथियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. सोडियम धातू पाण्यात टाकला तर भडकतो अन् तोच सोडियम मिठातून रोज आपल्या वरणात असतो, तसंच हे. लिथियम सोडियमचंच भावकीतलं आहे, अन् सगळी काळजी इथूनच सुरू होते, कारण अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते, सोबत लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातली लेव्हल चढते.

आमच्याकडे तेच झालं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू, भाऊ दिवसभर वावरात, घामाघूम, कंबर दुखते म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून तीन दिवस खाल्ली, अन् ही दुखण्याची गोळीही लिथियमची लेव्हल चढवते. हात थरथरायला लागले, उलट्या, जीभ जड, चालताना झोकांड्या. लेव्हल साधारण ०.६ ते १.० मध्ये पाहिजे, त्याची १.५ च्या वर निघाली, मग अ‍ॅडमिट. आता दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, मीठ एकदम बंद नाही, पाण्याची कॅन सोबत, हगवण लागली तर त्याच दिवशी फोन.

व्हॅल्प्रोएटला उन्हाची एवढी भीती नाही, लेव्हलचीही एवढी कटकट नाही. पण लिव्हर अन् प्लेटलेट तपासावे लागतात, वजन वाढतं, केस गळतात. लिथियमला रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं, शिवाय किडनी-थायरॉईड बघायचं, तालुक्याला जायचं म्हणजे मजुरी बुडते, तरी मी लिथियमच्या बाजूचा आहे, कारण आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या मूड सांभाळणाऱ्या औषधाचा नाही, आणि आपल्या भागात हे किती मोठं आहे हे कोणाले सांगाव लागत नाही. १९४९ पासून वापरात आहे, जुनी गोळी म्हणून कमी समजू नका.

मात्र किडनी आधीच खराब असेल, किंवा पेशंट एकटा राहतो, पाण्या-गोळीकडे बघणारं कोणी नाही, रक्त तपासणं जमतच नाही, तर व्हॅल्प्रोएटचं डॉक्टरांशी मोकळं बोला. अन् कोणतीही गोळी बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, लिथियम अचानक सोडलं तर आजार जोरात पलटतो. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात.

लग्नाच्या वयाची पोरगी असेल तर व्हॅल्प्रोएट जवळपास नकोच. गरोदरपणात घेतलं तर १०० पैकी १० च्या आसपास बाळांत जन्मजात दोष येतात, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. लिथियमही त्या काळात डॉक्टरांच्या नजरेखालीच. मावशीच्या पोरीची सोयरीक जुळली तेव्हा हे आम्हाला कोणी आधी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच विचारलं, अन् लग्नाच्या सहा महिने आधी हळूहळू गोळी बदलली.