नवी गिटार, क्लिप ट्यूनर आणि फोनमधली ॲप्स: काय घ्यावं, काय राहू द्यावं

नव्याने गिटार शिकणाऱ्याने गिटारीनंतरचे पहिले पैसे क्लिप ट्यूनरवर घालावेत, दुसरे कॅपोवर (म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून गिटारीची पट्टी वर नेणाऱ्या चिमट्यावर), आणि एखाद्या ॲपच्या वर्षभराच्या वर्गणीचा विचार अगदी शेवटी करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. पेटी लहानपणापासून वाजवते. गिटार चाळिशीनंतर हातात घेतली ती भावगीतं गाताना आपली साथ आपल्याला करता यावी म्हणून. आता भजनी मंडळातल्या मैत्रिणी आणि भाचीबरोबरची मुलं "कुठलं ॲप घेऊ?" म्हणून विचारत असतात. मी वापरलेल्या गोष्टी पारखताना एकच बघते: ही वस्तू माझा कान तारेवर ठेवते, की डोळे स्क्रीनला चिकटवून ठेवते?

आधी ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे की नाही ते दाखवणारं साधन. फोनवरचा ट्यूनर माइकमधून ऐकतो, आणि क्लिप ट्यूनर गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखा बसून लाकडातलं कंपन पकडतो. हा फरक पावसाळ्यात कळतो. आमच्याकडे जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, आत मिक्सर चालू असतो. फोनला त्यातून तार वेगळी ऐकू येत नाही, काटा नुसता थरथरतो. क्लिपला या कशाचाच त्रास नाही. तीन-चारशे रुपयांत बरा ट्यूनर मिळतो, बहुतेकांत नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. एक सेल जास्तीचा घेऊन ठेवा.

फक्त हिरवा दिवा लागला म्हणून थांबू नका, अक्षर वाचा. क्लिप ट्यूनर बहुधा बाराही सुरांना हिरवा होतो. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार ई ऐवजी एफवर गेली तरी तो आनंदाने हिरवा होणार. जाड तारेपासून खाली ई, ए, डी, जी, बी, ई हा क्रम पाठ हवा. पेटीवाल्यांना तर हे सोपंच आहे, कारण सहाही तारा पांढऱ्या पट्ट्यांवर येतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. तार चढली असेल तर थोडी जास्त उतरवा आणि मग खालून वर येत सुरावर थांबवा. वरून उतरवत आणलेली तार वाजवता वाजवता आणखी उतरते.

ट्यूनरवर ४४० असा आकडा दिसतो, तो ए सुराच्या कंपनसंख्येचा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं याचा. चुकून बटण दाबलं गेलं की तो ४४२ होतो आणि मग "ट्यूनर बरोबर दाखवतोय, पण गाण्याबरोबर जुळत नाही" अशी तक्रार सुरू होते. तेव्हा पहिल्यांदा हा आकडा बघा. पण पेटीबरोबर वाजवायचं असेल तर हेच बटण फार कामाचं आहे. घरातल्या जुन्या पेट्या नेमक्या ४४० ला असतातच असं नाही. आकड्यांत कंपनसंख्या दाखवणारं एखादं फुकट ट्यूनर ॲप उघडा आणि पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा त्याला ऐकवा. ४४३ आलं, तर क्लिपवरही ४४३ लावा आणि गिटार त्यावर मिळवा. बहुतेक क्लिप ट्यूनर साधारण ४३० ते ४५० पर्यंत सरकतात. पेटी आणि गिटार एकत्र बसवताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही.

फोनवरच्या ट्यूनरमध्ये गिटारट्यूना आणि फेंडर ट्यून ही दोन्ही चांगली आहेत, दोन्हींचं मूळ काम फुकटात होतं. शांत खोलीत, विशेषतः तार बदलल्यावर, मी फोनच वापरते, कारण कुठल्या तारेवर आहोत ते चित्रात समोर दिसतं. नवी तार भलत्याच सप्तकात ताणून तोडण्याचा धोका तिथे कमी होतो.

तारांचं बोलतेच आहे तर: बोटं फार दुखत असतील तर शिकणाऱ्याला दोष देण्याआधी गिटार बघा. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार आणि फ्रेट यांच्यात दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा बरंच जास्त अंतर असेल, तर ती गिटार दुरुस्तीवाल्याकडे न्यायला हवी. स्टीलच्या तारांचा हलका संच घ्या, ज्यात पहिली तार ०.०१० इंचाची असते. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या क्लासिकल गिटारीवर मात्र स्टीलच्या तारा कधीच चढवू नका, त्या ताणाने तारा जिला बांधलेल्या असतात ती घोडी उखडते. कोकणातल्या हवेत तारा लवकर गंजतात; वाजवून झालं की सुती फडक्याने पुसायच्या, कव्हरमध्ये सिलिका जेलची पुडी टाकायची.

आता लय. मेट्रोनोमची, म्हणजे ठरावीक लयीत टकटक ठोके देणारी, ॲप्स ढिगाने आहेत आणि सगळ्यांत ठोका सारखाच पडतो, त्यामुळे त्यात निवड करण्यासारखं फारसं नाही. जाहिराती नसलेलं कुठलंही घ्या. मी मात्र तबल्याच्या ॲपवर रियाज करते आणि मराठी माणसाला तेच सुचवते. मी आयतबलाप्रो वापरते. ते विकत घ्यावं लागतं, पण तानपुरा आणि तबला दोन्ही त्यात आहेत, आणि माझ्या गिटारीसाठी झालेल्या खर्चात हा सगळ्यात सार्थकी लागलेला आहे. नुसत्या टकटकीत सम कुठे आहे हे कळत नाही. ठेक्यात कळतं, कारण धा ऐकू येतो.

केरवा हा आठ मात्रांचा ताल लावा: धा गे ना ती, ना क धी ना. उजवा हात प्रत्येक मात्रेला हलता ठेवा, पहिल्या मात्रेला खाली, दुसरीला वर, असा आठपर्यंत. आता दुसऱ्या मात्रेच्या 'गे'ला हात वर जाईल, पण तारांना लागणार नाही. पाचव्या मात्रेच्या ना वर तो खाली येईल, पण तारांना लागणार नाही. बाकी सहा मात्रांना तारा वाजवायच्या. झालं, शिकवणीत पहिल्या महिन्यात शिकवतात ते खाली, खाली-वर, वर-खाली-वर हे स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवून वाजवणं) हेच. बाण काढलेला कागद बघून भाचीला ते बसत नव्हतं, हात मध्येच थांबायचा. केरव्यावर एका संध्याकाळी बसलं, कारण हात थांबला की ठेका पुढे निघून जातो हे कानाला लगेच समजतं. लय मिनिटाला साठ मात्रांपासून सुरू करा. तबल्यावर १२० मात्रा म्हणजे, एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या, तर मेट्रोनोमवरचे ६०; ही बेरीज डोक्यात ठेवली की इंग्रजी धड्यांतल्या आकड्यांशी गोंधळ होत नाही. दादऱ्यासाठी सहा मात्रांची वेगळी पद्धत लागते, ती नंतर.

शिकायचं कुठून? जस्टिनगिटार ही जस्टिन सँडरको या टास्मानियात जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन शिक्षकाची साइट २००३ पासून आहे आणि तिच्यावरचे नवशिक्यांचे धडे फुकट आहेत. माणूस सावकाश, समजुतीने शिकवतो. इंग्रजी सोपं आहे. त्यातला एका मिनिटाचा सराव माझ्या मते सोन्यासारखा आहे: दोन कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) घ्यायच्या, समजा ए आणि डी, घड्याळ लावायचं आणि मिनिटात किती वेळा बदलता येतात ते मोजून वहीत लिहायचं. त्याला फोनमधलं साधं घड्याळ पुरतं. साइटचं ॲप वेगळं, त्याला वर्गणी आहे. त्यात गाण्यांबरोबर वाजवता येतं. पहिले तीन-चार महिने साइटच पुरेशी आहे.

यूझिशियन हे फिनलंडमधल्या, गिटारट्यूना ज्यांचं आहे त्याच कंपनीचं ॲप. ते तुमचं वाजवणं ऐकून गुण देतं. शाळकरी मुलांना याची गोडी लागते, रोज गिटार उचलली जाते, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. एकेका सुराच्या सरावाला ही पद्धत छान आहे. पण ऐकून गुण देणाऱ्या कुठल्याही ॲपला तुमचं मनगट दिसत नाही. अंगठा गिटारीच्या मानेवरून वर आलाय, तर्जनी फ्रेटपासून लांब पडलीय म्हणून तार भणभणतेय, हे समोर बसलेली व्यक्तीच सांगू शकते. म्हणून महिन्यातून दोनदा का होईना, वाजवणाऱ्या कुणाला तरी हात दाखवा.

वर्गणीबद्दल सावध करायलाच हवं. एका ॲपच्या आठवड्याच्या फुकट चाचणीनंतर आमच्या ओळखीतल्या एका ताईंच्या खात्यातून अख्ख्या वर्षाचे पैसे गेले. चाचणी सुरू केली की लगेच प्ले स्टोअरमधल्या वर्गण्यांच्या यादीत जाऊन ती रद्द करून ठेवा. चाचणीची मुदत सहसा तरीही वापरता येते. आणि घ्यायचीच असेल तर महिन्याची घ्या.

कॅपो शेवटी सांगतेय, पण गाणाऱ्यांनी तो पहिल्याच महिन्यात आणावा. स्प्रिंगचा साधा चालतो. काळी एक मध्ये गाता? पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीच्या आकारातल्या कॉर्ड. पांढरी चार असेल तर पहिल्याच फ्रेटवर कॅपो, पण आकार ईचे. बायकांमध्ये काळी चार आणि काळी पाच बऱ्याच जणींच्या असतात: जीचे आकार धरायचे, काळी चारसाठी कॅपो पहिल्या फ्रेटवर, काळी पाचसाठी तिसऱ्या. इंटरनेटवर गाण्यांच्या कॉर्ड मिळतात त्या मूळ गायकाच्या पट्टीत असतात. त्या पट्टीत ओढाताण करत गाण्यापेक्षा आकार तेच ठेवून कॅपो सरकवावा. फ्रेटच्या अगदी लगत बसवा, आणि लावल्यावर ट्यूनरने एकदा सहाही तारा पुन्हा तपासा, कारण कॅपोच्या दाबाने त्या किंचित चढतात.